उचललेला भंडारा

नवी राजवट आली आणि माणसं शेजाऱ्याशीही हवापाण्यापलीकडं बोलेनाशी झाली. फादर येशुदास मात्र खरं बोलायच्या खोडीपायी आत गेले.

"रविराज कुठं लपलाय?" असं चौकशीच्या साहेबानं विचारलं, तेव्हा "ठाऊक नाही" म्हणाले असते तर सुटले असते. पण जीभ खोट्याला वळेल तर शपथ! म्हणाले, "ठाऊक आहे, पण सांगणार नाही. मी भंडारा उचललाय."

आता हसावं की रडावं? धर्मगुरू येशूचा आणि शपथ बिरोबाची! राजवटीविरुद्ध पत्रकं वाटणारा रविराज धनगराचं पोर. पायाला जखम घेऊन कडेगावच्या चर्चमध्ये आला. औषध पोचवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यानं फादरांना लपायची जागा सांगितली. पण आधी हळदीचा भंडारा पुढं केला. धनगरात बिरोबाचा भंडारा उचलला की शब्द मोडत नाहीत. पोराला धीर यावा म्हणून फादरांनी चिमूट उचलली.

सांगलीबाहेरच्या जुन्या साखर-गोदामात त्यांना कोंडलं होतं. खिडकी नाही, तारीख नाही, वकील नाही. गुडघे सुजेस्तोवर प्रार्थना केली, पण वरून हूं नाही की चूं नाही. आपण भिंतीशीच बोलतोय, या भीतीनं त्यांचा जीव घुसमटायचा.

एक दिवस साहेबानं रविराजच्या आईला, हरणाबाईला, समोर आणून बसवलं.

"आवं फादर, सांगून टाका," ती हात जोडून म्हणाली. "पोरानं घातलेली शपथ मी उतरवती. आय हाय मी त्याची! सायबांनी वचन दिलंय, नुसतं इचारून सोडत्यात. लय दिस झालं वं, तोंड बगितलं न्हाई त्याचं."

तिच्या मागं उभा असलेला साहेब मान हलवत होता. असंच वचन मिळालेली दोन पोरं या गोदामातून मेलेली बाहेर गेली, ते फादरांनी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. ते तिला सांगावं तर साहेब समोर; ऐकलं तर तीही घरी परतायची नाही. 

हरणाबाई वाट बघत राहिली. मग उठली, कंबरेच्या पिशवीतला भंडारा मूठभर काढून त्यांच्या तोंडावर फेकला.

"आयला लेकरापासनं तोडतोस? तुला देव न्हाई रं, देव न्हाई!"

तिला बाहेर नेलं, कडी लागली. फादरांच्या डोळ्यांत हळद झोंबत होती. म्हातारी म्हणाली ते खरं की खोटं, हे त्या घटकेला त्यांनाही सांगता आलं नसतं.