साहेबांच्या पायाखालची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि आत्ता मला भीती वाटते आहे.

मित्रांनो, आपली गोष्ट अशी मधूनच सुरू करू नये, हे मला कळतं. आधी जन्म, मग कष्ट, मग उपेक्षा, असा रिवाज आहे. पण मैदान भरत आलं आहे आणि मी व्यासपीठावर उपडी पडले आहे. जमेल तेवढं सांगते. पाय आले की थांबेन.

जन्म. दारांच्या चौकटी करून उरलेल्या फळ्यांतून एका सुताराने मला जोडलं. "कशाला हवी?" त्याने विचारलं. मला घ्यायला आलेला साहेबांचा ड्रायव्हर म्हणाला, "वहिनींचा हात माळ्यापर्यंत पोचत नाही."

म्हणजे माझा जन्मच थापेतला. तो माळा मी आजवर पाहिलेला नाही.

खरी गोष्ट अशी, की साहेब पुढारी मोठे, पण उंचीने बेताचे. पोडियममागे उभे राहिले तर समोरच्यांना नुसतं कपाळ दिसायचं. म्हणून पोडियमला पुढून कापड सोडायचं, मागे मला ठेवायचं, आणि साहेबांनी खाली न बघता अंगठ्याने माझी कड चाचपून वर चढायचं. "आपण खाली बघितलं की लोकही खाली बघतात," असं ते म्हणत. फोटोवाल्यांना मागे यायला मज्जाव. मी पिशवीतून यायची, पिशवीतून जायची. त्या घरात मला नावही नव्हतं. "ती घेतलीस का?" एवढंच.

तरी ते दिवस सुखाचे होते. मी माणसं पायांवरून ओळखते. साहेबांचे पाय रुंद आणि गच्च. ते उभे राहिले की मलाही आपण काहीतरी पेलतो आहोत असं वाटायचं.

एका सभेत ते बोलता बोलता खरोखरच चिडले. "हे मी खपवून घेणार नाही," म्हणाले आणि त्यांनी पाय आपटला. मैदान उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. तेव्हापासून प्रत्येक सभेत ते वाक्य, आणि वाक्यामागून तो पाय. राग आलेला असो वा नसो. लोक आधीपासूनच हात सरसावून बसत.

टाळ्या साहेबांना मिळत गेल्या. चीर मला पडत गेली.

पाय!

नाही. माइकवाला होता. वायर ओढून गेला.

तर, ड्रायव्हर एकदा म्हणाला, "साहेब, फळी तडकलीय. सुताराकडे टाकू?"

"आणि तो विचारेल, माळ्यावर चढताना वहिनी नाचतात का? राहू दे. अजून दम आहे तिच्यात."

मित्रांनो, लपवलेल्या वस्तूची दुरुस्ती होत नसते.

साहेबांची मुलगी लहानपणी माझ्यावर बाहुलीला उभी करून भाषणं करायला लावायची. मोठी झाल्यावर ती टीव्हीवर बातम्या द्यायला लागली. चॅनेल साहेबांच्या मित्राचं, म्हणून खुर्ची मिळाली. बोलणं मात्र तिचं स्वतःचं होतं. गाडीच्या डिकीत पडल्या पडल्या मी ड्रायव्हरांच्या गप्पा ऐकायची.

"आमच्या ताई टेबलाखाली चपला काढून बसतात आणि वर भल्याभल्यांना घाम फोडतात," आमचा ड्रायव्हर सांगायचा.

"साहेबांना फोडला का कधी?" शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर विचारायचा.

"त्यांना बोलावतच नाहीत."

मग साहेबांचे गुडघे गेले. यंदाच्या निवडणुकीला मुलगी उभी राहणार असं ठरलं. जेवणाच्या खोलीत तालीम सुरू झाली.

"डोळे मीट आणि चढ," साहेब म्हणाले.

"बाबा, मी तुमच्यापेक्षा उंच आहे."

"माझ्यापेक्षा आहेस. पोडियमपेक्षा नाहीस."

ती चढली. "ही हलतेय."

"हलू दे. आवाज हलला नाही पाहिजे."

तिची पहिली सभा झाली. समोर तिच्याच चॅनेलचा कॅमेरा. तिचे पाय गार पडले होते, बोटं आत वळलेली. भाषण अर्ध्यावर आलं आणि माझ्यातून 'कट्' असा आवाज आला. तो तिने ऐकला आणि मी. तिने हळूच दोन्ही पाय माझ्या कडांवर सरकवले आणि तशीच खिळून राहिली. मग ते वाक्य आलं. मैदानाने श्वास धरला. तिची टाच उचलली गेली. मी फुटले असते तर ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोसळली असती, आणि साहेबांनी आयुष्यभर जपलेली उंचीही.

टाच अलगद खाली आली. वाक्य तिने जवळजवळ पुटपुटलं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तिचाच एक सहकारी सांगत होता, "वडिलांपेक्षाही ठाम. जागची हलली नाही." ती तेव्हा मला उलटी करून चिरेत बोट घालून बघत होती.

"बाबा, हलले असते तर पडले असते."

"बघ, ठाम म्हणताहेत."

"ऐका ना. नवीन करून घेऊ."

"निवडणूक होऊ दे. आत्ता बोभाटा झाला तर हसं होईल. पडलेल्या माणसाला लोक उचलतात, पोरी. हसं झालेल्याला नाही." मग टीव्हीचा आवाज वाढवत म्हणाले, "आणि पुढच्या वेळी पाय आपट. लोक वाट बघत होते."

स्टुडिओत वायरी जमिनीला चिकटवायची काळी पट्टी तिने आणली आणि माझ्या चिरेवर लावली. वरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. एवढी माया मला कोणी केली नव्हती. पण पट्टीने फळी सांधत नाही, मित्रांनो. चीर फक्त दिसेनाशी होते.

पाय.

तिचेच. गार. अंगठा माझी कड शोधतो आहे. सापडली. चढली.

थांबेन म्हणाले होते, पण भीतीने तोंड मिटत नाही. ती बोलते आहे. आवाज हलत नाही. पट्टी ताणली जाते आहे, तिचं एक टोक सुटलंसुद्धा. पहिल्या रांगेत साहेब बसले आहेत आणि आपला दुखरा पाय जमिनीवर हळूहळू ठोकत तिला आठवण करून देत आहेत.

वस्तूंची काळजी घ्या, वेळच्या वेळी डागडुजी करा, असं सांगून मी शेवट करणार होते. आता तेवढा वेळ नाही. वाक्य जवळ आलं आहे. तुमच्यापैकी कोणी या मैदानात असाल, हात सरसावून बसला असाल, तर एवढंच ऐका.

तिची टाच उचलली गेली आहे. हात खाली घ्या.