ओळी गिळणारा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. वर्ध्याला, कचेरीसमोर, भावनाताईंच्या टायपिंगच्या दुकानात बसतो. बसतो कसला, दिवसभर घरघरतो! पंखा थांबत नाही आणि जिवाला चैन नाही. आज सांगूनच टाकतो.

नवा आलो तेव्हा माझं काय कौतुक झालं! हार घातला, पेढे वाटले. पण माझ्या पोटात कारखान्यातूनच एक आगंतुक येऊन बसला होता, निरोप पाठवायचा प्रोग्राम. तो कोणी मागितला नव्हता, त्यात कोणाचं खातंही नव्हतं. तरी 'बोला, कोणाशी बोलायचंय?' म्हणत दिवसातून दहादा त्याची खिडकी उघडायची. भावनाताई फुली दाबून त्याला घालवायच्या. राहू दे, आपलं काय खाऊन राह्यला तो, असं म्हणायच्या.

अहो, खातच होता तो!

आमच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करणाऱ्या रूपरावकाकांनी चाळीस वर्षं टाइपरायटर चालवलेला. त्यांची नजर कायम बाजूच्या कागदावर, माझ्या पडद्याकडे बघणं नाही. ओळ संपली की दांडा ओढावा तसं एंटर दाबायचे. मारलेली ओळ पुन्हा वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. नेमका मध्येच हा पाहुणा पुढे यायचा, काकांची ओळ आपल्या चौकटीत घ्यायचा आणि एंटर दाबताच ओळीसकट गडप! मला सगळं दिसायचं, पण मी कोणाला सांगणार?

कचेरीतून अर्ज परत येऊ लागले. मीराबाई नावाच्या एका विधवेचा निराधार पेन्शनचा अर्ज तर दोनदा आला. नवरा कधी वारला, ती ओळच त्यात नव्हती. भावनाताईंना वाटलं, काकांची नजर गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! एका शुक्रवारी त्यांनी काकांना हळूच सांगितलं की उद्यापासून घरी आराम करा.

काकांनी बाजूचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "माह्यी ओळ कधी सुटली नाई, बाई. हा एवढा अर्ज करून जातो."

मीराबाई तिसऱ्यांदा शेजारी बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या कागद सोडून माझ्याकडेच बघत होत्या. माझा जीव खालीवर होत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, मेल्या, ये आता! आणि तो आला.

"भाऊ, थांबा," मीराबाई म्हणाल्या. "तुमचे अक्षरं मोठ्या कागदावर नाई, त्या लहान डब्यात जाऊन राह्यले."

भावनाताईंनी ती खिडकी पूर्ण उघडली. आत त्रेसष्ट ओळी होत्या, प्रत्येकीखाली 'पाठवता आले नाही'. काकांनी चष्मा पुसून त्यातली एक वाचली, "माझे पती मागील वर्षी वारले असून मला दुसरा आधार नाही." मीराबाईंनी पदर तोंडाला लावला.

ताईंनी आधी त्या सगळ्या ओळी छापून घेतल्या. मग सेटिंगमध्ये जाऊन त्या पाहुण्याचं आपोआप उघडणं बंद केलं, मला बंद करून पुन्हा सुरू केलं. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. तो आला नाही.

"काका, उद्या दहाले येजा," ताई खाली बघत म्हणाल्या.

मित्रांनो, न मागितलेलं काही आमच्या पोटात दिसलं तर नुसती फुली मारू नका, मुळापासून बंद करा. आणि माणसाला बोल लावण्याआधी आमच्याकडे एकदा नीट बघा. काका रोज येतात. पण आता प्रत्येक ओळीनंतर मान वर करून माझ्याकडे बघतात. पूर्वी त्यांना तशी गरज पडत नव्हती.