पाण्याला कुलूप

विक्रांतने इंग्लंडहून व्हिडिओ कॉल केला, तो थेट चर्चमधून. म्हणाला, "आई, हे बघ, आठशे वर्षांचा दगड!" बघते तर काय, कमरेएवढं उखळ! बाळाला ख्रिस्ती करताना यातलं पाणी डोक्यावर घालतात, फॉन्ट म्हणतात याला, असं पोरगा कौतुकाने सांगत होता.

"मग आपलं काय काम तिथे?" मी विचारलं.

मागून सूनबाई म्हणाली, "आई, इथली चांगली शाळा चर्चची आहे. आपल्या बाळाचा बाप्तिस्मा झाला असला की पुढे ॲडमिशन पक्की."

माझं डोकंच सणकलं. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली धर्म बदलला तो माणूस म्हणून जगायला, कुणाच्या ॲडमिशनसाठी नाही. आणि हा शहाणा निघाला शाळेसाठी बदलायला!

"आई, फक्त पाणी तर आहे."

"फक्त पाणी? तुझे आजोबा गावच्या विहिरीपाशी हंडा घेऊन ताटकळायचे, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. आणि तू मला फक्त पाणी म्हणतोस?"

तेवढ्यात त्या दगडाच्या काठावरची दोन भोकं मला दिसली. "ती भोकं कसली रे?"

"झाकणाला कुलूप लावायचे पूर्वी. लोक पवित्र पाणी चोरून न्यायचे ना."

"घ्या! म्हणजे तिथेही पाण्याला कुलूपच! आणि त्याच्यावर माझ्या नातवाचं डोकं धरणार? अजिबात नाही. इकडे आण त्याला, विहारात नाव ठेवू."

"भागीरथी, हळू. अख्खा बुवापाडा ऐकतोय," आमचे हे म्हणाले.

"ऐकू दे!"

विक्रांतने मान खाली घातली. "आई, गेल्या रविवारीच झालं. आज तुला नुसतं दाखवायला आलो."

म्हणजे मला न विचारता, न सांगता उरकून मोकळे! अंगाची नुसती आग झाली.

"डिसेंबरला येतो ना आम्ही, तेव्हा विहारातही करू," तो म्हणाला.

"या की. दाराला कुलूप दिसेल."

सूनबाईने फोन बाळाकडे वळवला. नऊ महिन्यांचा झालाय, अजून एकदाही मांडीवर घेतलेला नाही मी त्याला. माझ्याकडे बघून हसला लबाड. मी कॉल कापला.

"खरंच कुलूप लावशील?" ह्यांनी विचारलं.

"लावीन," म्हटलं, आणि मला रडू फुटलं.