पळीभर रस

महाडच्या त्या चिमुकल्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायचा, रस कुशाबा करायचा. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. वीस वर्षं हा मान त्याचाच. कुडपणला हिंदू भावाच्या तेराव्याला तो जेवून आला, तेव्हा पंचांनी त्याला सहा महिने प्रभुभोजनातून बंद केलं. रस करायचं मात्र बंद केलं नाही. तसा रस दुसऱ्या कुणाला जमत नव्हता.

"मूर्तीपुढचं अन्न खाल्लंस," महिपत पंच म्हणाले.

"मूर्ती कुठली? भाऊ गेलेला. पानात निसता भात हुता."

हा पश्चात्ताप नव्हे, असं ठरलं.

पाचव्या महिन्यात त्याचा दमा बळावला. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांनीही उतार पडेना. मिशनच्या शाळेत शिकवणारी त्याची मुलगी तुळसा पाळकांकडे, मंडळीच्या धर्मगुरूंकडे, गेली. डोळे मिटण्याआधी एकदा बाबांना मंडळीच्या प्याल्याला ओठ लावू द्यावेत, एवढंच तिचं मागणं.

शनिवारी पंच बसले. माफीवर फारसं अडलं नाही; अडलं प्याल्यावर. प्रभूचा प्याला एकच, असं म्हणत पाळकांची वेगवेगळ्या कपांची सूचना दहा वर्षं हाणून पाडणारे महिपत आता म्हणाले, "खोकणाऱ्याला वेगळा कप द्या."

वेगळ्या कपांचे कैवारी पाळक उसळले, "एकट्यालाच वेगळा? मग आपल्यात आणि गावात फरक काय राहिला?"

दोघांनी शास्त्रातली एकच ओळ वाचून दाखवली. निर्णय सोमवारवर गेला.

ओसरीवर बसून हे सगळं ऐकलेली तुळसा घरी आली. उद्याचा रस आता तिनेच करायचा होता. चुलीवरून उतरवल्यावर तिने पळीभर घेतला, फुंकला आणि बाबांच्या ओठांना लावला.

"झालाय का बघा."

"पानी वाईच जास्त झालं गो. पन चालंल." तो थोडा थांबला. "पळी धू. पंच बोलतील."

"हो," म्हणून तिने तीच पळी भांड्यात बुडवली आणि रस ढवळला.

पहाटे कुशाबा गेला. दफन संध्याकाळी ठरलं. सकाळची उपासना चुकवायची नव्हती, रसही तयार होता. कुशाबाला वेळेत आत घेता आलं नाही, याबद्दल महिपतांनी गहिवरून प्रार्थना केली. मग प्याला हातोहात फिरला.

उपासना संपल्यावर तुळसा प्याला धूत होती. महिपत जवळ आले.

"रसाला कुशाबाच्या हातचीच चव आलीय हो."

"त्यांनीच चाखला. पळी मी धुतली नव्हती."

सोमवारी बैठकीच्या वहीत महिपतांनी प्याल्याच्या विषयावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं: 'निर्णयाची आता गरज उरली नाही.'