वडगावला घाट बांधणारा लॅपटॉप

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. लॅपटॉप म्हणून मी आता शोभत नाही, हे मलाही कळतं. माझी एक बिजागरी तुटली आहे आणि चार्जरची वायर काढली की मी लगेच मान टाकतो. पण मीही एकेकाळी नवा होतो, आणि माझेही लाड झाले आहेत.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते राजारामपुरीतलं दुकान आणि तिथून मला छातीशी धरून घरी आणणारी ऋता. ती नुकतीच कॉलेजात गेली होती. आईनं मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कुंकू बटणांच्या फटीत गेलं, ते अजून निघालेलं नाही.

ऋताच्या हाताखाली मी सुखात होतो. भूगोलासाठी तिला एका गावावर टर्म पेपर लिहायचा होता. तिनं घाटमाथ्यावरचा, धो धो पावसाचा गगनबावडा निवडला. मला खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ती एसटीनं जायची आणि लोकांच्या पडवीत बसून त्यांना विचारायची, एवढ्या पावसात तुम्ही कसं निभावता? तिच्या पायांना चिखल्या झाल्या, पण पेपर असा उतरला की जोतीराम सरांनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. तो पेपर माझ्या पोटात आहे, याचा मला फार अभिमान होता.

पुढे ऋताला नोकरी लागली, ऑफिसनं तिला चकचकीत नवा लॅपटॉप दिला आणि मी कपाटावर गेलो. खंडेनवमीला तेवढं झेंडूचं एक फूल मिळायचं. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

मग तिचा धाकटा भाऊ श्रेयस त्याच वर्गात पोचला. तेच सर, तसाच पेपर. श्रेयसनं पेठ वडगाव निवडलं, कारण ते जवळ होतं. प्रत्यक्षात तो तिथंही गेला नाही. त्यानं ऋताचा पेपर उघडला आणि मला हुकूम सोडला, जिथं जिथं ‘गगनबावडा’ नाहीतर ‘गगनबावड्या’ दिसेल तिथं ‘पेठ वडगाव’ कर. मी पडलो हुकमाचा ताबेदार. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बदललं. श्रेयस खूश होऊन चहा प्यायला गेला.

वर्गात त्यानं मला प्रोजेक्टरला जोडलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पेपर झळकला. सर वाचू लागले. “‘पेठ वडगावचा घाट उतरला की कोकण सुरू होते.’ श्रेयस, मी वडगावचा हाय. हा घाट कवा बांधलास रं?” सगळा वर्ग हसला. सरांनी पुढची ओळ वाचली. “‘पावसाळ्यात येथे आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही.’ मग आमच्या आईची धुणी वाळली कशी?”

मग सरांचं हसू मावळलं. ते म्हणाले, “ही वाक्यं ऋताची हायत. पुढच्या आठवड्यात स्वतःचा पेपर आण, न्हाईतर गुण न्हाईत.”

गुणांचं एवढं नव्हतं हो. सरांनी ऋताला फोन केला. तिनंच पेपर भावाला काढून दिला, असं त्यांना वाटलं. “तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती,” असं म्हणाले. ऋता घरी आली, आईला एवढंच सांगितलं आणि श्रेयसशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पण बोलायची नाही. बोलणी खाल्ली असती तर बरं, असं त्या पोराला झालं.

श्रेयस माझ्यापुढे बसला. त्यानं भलंमोठं नाव लिहिलं, ‘पेठ वडगाव : इतिहास, समाज, अर्थव्यवस्था आणि संस्कृती’. एवढ्या मोठ्या पागोट्याखाली डोकंच नव्हतं. एक ओळ सुचेना. शेवटी बाजाराच्या दिवशी मला पिशवीत घालून तो वडगावला गेला.

बाजारात टिकल्या-रिबनी विकणाऱ्या इमामबी चाचींच्या शेजारी थोडी जागा रिकामी होती. तिथं तो टेकणार, तोच चाची ओरडल्या, “तिथं बसू नको बाबा! बाळासोची जागा हाय ती.”

“पण कुणी बसलेलं न्हाई की, चाची.”

“पाय मोडलाय त्याचा. म्हणून काय जागा दुसऱ्याची झाली व्हय?”

श्रेयसनं खाली बघितलं. रेघ नाही, पाटी नाही. दाटीवाटीच्या बाजारात तेवढा तुकडा मोकळा होता आणि सगळे त्याला वळसा घालून जात होते. मग त्यानं ओळीतल्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली, तुमची जागा कोण राखतं? कुणी प्रेमानं सांगितलं, कुणी हाकललं, दोघी भाजीवाल्या तर जागेवरून त्याच्यासमोरच भांडल्या. त्यानं भांडणही टिपून घेतलं.

घरी येऊन त्यानं ते पागोटं पुसलं आणि लिहिलं, ‘बाजारातली जागा कोण राखतं?’ आधी मुद्दे मांडले. भांडण पहिल्यांदा घेतलं, मग खाली नेलं, बाळासोंची जागा वर आणली. ‘सदर अभ्यासाच्या अनुषंगाने’ असं लिहिलं आणि स्वतःच लाजून खोडलं. मी तापलो, धापा टाकल्या, पण साथ सोडली नाही.

पेपर द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं मला ऋतापुढे ठेवलं. “ताई, एकदा वाच की.”

ती वाचू लागली. पहिल्याच पानावर ऋणनिर्देश होता. ‘माझ्या बहिणीचा पेपर मी तिला न विचारता उचलला होता. तिने तो मला दिला नव्हता. सरांनी तिच्यावर रागावू नये.’

ऋतानं त्या ओळी दोनदा वाचल्या. तिचे डोळे भरून आले.

“उचलला काय?” ती म्हणाली. “भाजीची पेंडी हाय व्हय ती? चोरला म्हण की!”

“चोरला,” श्रेयस म्हणाला, आणि त्यानं तो शब्द बदलला.

मग तिनं सगळा पेपर वाचला. “ह्या बाळासोचं काय झालं? आला का परत?”

“म्हाईत न्हाई. पुढच्या बाजाराला जाऊन बघतो.”

“मीबी येते,” ऋता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी पेपर ठेवून घेतला आणि ऋताला फोन केला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताना ती हसत होती.

मित्रांनो, मला पुसा, जपा, जमलं तर नवी बिजागरी बसवा. पण माझ्यापेक्षा जास्त जपा ते, जे कुणीतरी पाय भिजवून माझ्यात लिहून ठेवलं आहे. ते हवं असेल तर मागा. श्रेयसनं मागितलं असतं, तर ऋतानं तो पेपर त्याला शेजारी बसवून स्वतः वाचून दाखवला असता.