सोमवारी येऊन नीट करतो

“पाय वर घे! आधी पाय वर घे, मग काय ते विचार!”

टेस्टर वायरमन एवढ्या मोठ्यानं ओरडला, की तलावाच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसलेली सात वर्षांची पोर मागच्या मागे कलंडली. तिची आजी धावत आली नाही. माईंना धावायची सवय नव्हती. बंगला त्यांचा, बंगल्यातला पोहायचा तलाव त्यांचा. धावायचं ते इतरांनी. त्या चालतच आल्या, पण भुवया कपाळाला टेकवून.

“काय हो, पोरीवर ओरडायला बोलावलंय का तुम्हाला? पंप घुरघुरतो आणि तापून बंद पडतो, तो बघा म्हटलं होतं.”

तलावात उतरायच्या स्टीलच्या शिडीला त्यानं सहज म्हणून खिशातला टेस्टर लावला होता. दांड्यातला इवलासा दिवा लाल पेटला होता. त्यानं तो काढला, शर्टाला पुसला, परत लावला. परत पेटला. भर उन्हात दिसावा असा.

“शिडीत करंट आहे, माई.”

एवढं बोलून तो पंपाच्या खोलीकडे पळाला आणि त्यानं मेन खाली ओढला. घुरघुर थांबली.

“मी सांगतच होते,” पोर कोपर चोळत म्हणाली. “शिडी चावते म्हणून.”

माईंचा हात पदराशी चाळा करत राहिला.

टेस्टरचं खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. चाळीस वर्षं त्याच्या वरच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर होता, म्हणून तो टेस्टर. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी, आणि कामाचा गर्व मात्र अंगापेक्षा दुप्पट. त्याची एक खोड होती. वायरचा जोड दिला की त्यावर टेप, आणि टेपवर पांढरा दोरा घट्ट गुंडाळून दोन गाठी. उन्हाळ्यात टेपचा चिकटा सुटतो, दोरा सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. बाकीचे वायरमन हसत. “टेस्टर जोड देत नाही रे, बटण टाचतो!” हसेनात का. चाळीस वर्षांत एक तक्रार आली असेल तर दाखवा, असं तो चहाच्या टपरीवर छाती काढून सांगायचा. तेवढ्यापुरती त्याला छाती आहे असं वाटायचं.

पंपाच्या खोलीत त्यानं बॅटरी लावून एकेक करून बघितलं. पंपाच्या मानेतलं सील गेलं होतं. थेंब थेंब पाणी मोटरीत जाऊन आतली गुंडाळी भिजली होती आणि करंट मोटरीच्या अंगावर आला होता. मोटरीपासून शिडीपर्यंत तांब्याची पट्टी होती. ती असते जिवाच्या राखणीला. चुकलेला करंट तिथून जमिनीत जावा म्हणून. पण जमिनीत जाणारी तार गंजून तुटली होती. मग तो जाणार कुठे? शिडीतच दबा धरून बसला.

हे कुठेही होतं. म्हणून तर भिंतीवर ट्रिप बसवतात. एवढासा करंट वाट चुकला, की तिनं खटकन पडावं आणि सगळं बंद करावं. ही ट्रिप पडली नव्हती. टेस्टरनं डबीचं झाकण काढलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. ट्रिप नुसती शोभेला होती. दोन्ही वायरी तिला बगल देऊन थेट पंपाकडे गेल्या होत्या.

“कुठल्या गाढवानं केलंय हे?” तो किंचाळलाच. “ट्रिपच वगळून टाकलीय! पोरं पोहतात इथं, पोरं! असल्या माणसाचे हात बांधून ठेवले पाहिजेत!”

माई दारात उभ्याच होत्या. “तो जाड्या वायरमन! गेल्या वर्षी मोटर साफ करायला तोच मेला आला होता. थांबा, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. या गावात त्याला कोणी बल्बसुद्धा बदलायला बोलावणार नाही.”

त्यांनी फोन लावला. टेस्टरनं जोड मोकळा करायला डबीच्या मागे हात घातला. जाळं लागलं, धूळ लागली, आणि मग बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. त्यानं बॅटरी मारली.

दोरा. पिवळा पडलेला, पण घट्ट. दोन गाठी.

भिंतीला हात टेकून तो त्या गाठींकडे नुसता बघत राहिला.

आठ वर्षांपूर्वी याच घरात लग्न होतं. पाहुणे पाण्यात, दिव्यांची आरास, आणि ट्रिप दर पंधरा मिनिटांनी पडत होती. माईच म्हणाल्या होत्या, “आज काही करा, पण चालू ठेवा. चारचौघांत माझं नाक कापू नका.” त्यानं वायरी थेट दिल्या होत्या. निघताना सांगितलं होतं, “सोमवारी येऊन नीट करतो.”

सोमवारी काय झालं? त्यानं खूप ताण दिला डोक्याला. कोणी आजारी पडलं होतं? कोणी गेलं होतं? काही नाही. सोमवारी तो दुसऱ्या कामावर गेला, जेवला, झोपला. विसरला. त्या लग्नातल्या नवरानवरीची पोर बाहेर कोपर चोळत बसली होती. ती रांगली, चालली, पोहायला शिकली, ती सगळी त्याच्या त्या दोन गाठींच्या भरवशावर.

“अरे मुडद्या, तुला हात आहेत का पाय?” माईंचा पट्टा सुरू झाला होता. “माझी नात मरता मरता वाचली! काय? मी काय केलं म्हणून मलाच विचारतोस?”

“माई, फोन ठेवा.”

“मध्ये बोलू नका. अरे ऐकतोयस का?”

“माई, ते मी केलंय.”

माईंनी फोन कानावरून काढला. पलीकडे जाड्या अजून शपथा घेत होता.

“तो दोरा माझा आहे,” टेस्टर म्हणाला. “लग्नाच्या दिवशीचा. मी परत आलोच नाही.”

माईंनी फोन परत कानाला लावला. त्या म्हणाल्या, “तुझं काही नाही रे यात. ठेव.” माईंच्या तोंडून याहून मोठी माफी आजवर कोणी ऐकली नव्हती.

“चालू ठेवा म्हणून मीच म्हटलं होतं तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही म्हणालात. पण वायर मला कळते, माई. तुम्हाला नाही.”

माई पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसल्या. धुळीत, पदर न झटकता.

“सकाळी तिचा हात धरून मीच शिडीवर दाबला. ती किंचाळली. मी म्हटलं, नाटकं. पोहायला नको म्हणून रोज नवं सोंग. मी स्वतः शिडी धरून दाखवली, म्हटलं बघ, मला कुठे चावते?” त्यांनी पाय पुढे करून रबरी सपाता बघितल्या. “कोरड्यात उभी होते मी. आणि पायात या. ती ओली.”

टेस्टरनं दोरा कापला आणि तो कामाला लागला. मोटर सोडवून काढली. जमिनीची तार नवी टाकली. वायरी ट्रिपमधून घेतल्या, मेन लावून ट्रिपचं तपासणीचं बटण दाबलं. ती खटकन पडली. चार वेळा दाबलं, चारही वेळा पडली. मग मेन पुन्हा खाली ओढून त्यानं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माईंच्या हातात दिली.

“मोटरीची गुंडाळी नव्यानं भरून येईपर्यंत पाण्यात कोणी उतरायचं नाही.”

“बसवायला तुम्हीच या.”

“येईन. पण नंतर जाड्याला बोलावून तपासून घ्या.”

“जाड्याला? तुमचं काम जाड्या तपासणार?”

“हो,” टेस्टर म्हणाला, आणि पिशवी उचलली.

तो घरी गेला नाही. फाटकाबाहेर स्कूटरला किक मारायची विसरून तो नुसता बसून राहिला. असे सोमवार किती होते? एक दातांच्या डॉक्टरांकडचा आठवला. गिझर होता, तिथलीही ट्रिप सारखी पडायची म्हणून वायरी थेट दिलेल्या. एक पिठाच्या गिरणीतला. आणखी एक कुणाकडचा तरी, जिना आठवत होता, घर आठवेना.

डॉक्टरांच्या घरी सुनेनं दार उघडलं.

“कोण हवंय काका? आम्ही तर कोणाला बोलावलं नाही.”

“माहितेय. मीच आलोय. तुमचा गिझर बघायचाय.”

“गिझर चांगला चाललाय की. आत्ताच सासूबाई अंघोळीला गेल्यात.”

“बटण चालू आहे?” टेस्टरचा आवाज चिरकला. “बंद करा. आधी बंद करा, आणि त्यांना हाक मारा!”

ती त्याच्या तोंडाकडे बघून आत पळाली. दार सताड उघडं राहिलं. आतून बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. टेस्टर पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून पायपुसण्यावर उभा राहिला, आणि आतून सासूबाई सुनेवर खेकसल्याचं एकदा ऐकू यावं म्हणून कान लावून राहिला.