झिंगू पुजाऱ्याचा राउंड

भामरागडच्या अलीकडल्या एका गावात झिंगू पुजाऱ्याच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. तो स्वतः तसं कधी म्हणाला नाही. कुणाचं पोट धरलं, कुणी धास्तावलं, कुणाचं अन्न सुटलं, की त्याला बोलावणं यायचं. झिंगू जायचा, रोग्याच्या उशाशी बसायचा, कपाळावर तळवा ठेवून गावच्या पेनाला, म्हणजे देवाला, गोंडीत हाक घालायचा. बऱ्याच जणांना बरं वाटायचं.

असा हा झिंगू हिवाळ्यात हिरडे झोडपायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. गाववाल्यांनी त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात आणलं, डॉक्टरांनी मांडीत रॉड टाकला आणि सगळं नीट झालं. नीट झालं नाही ते एवढंच, की झिंगू उठेना.

व्यायाम शिकवणारी ज्योत्स्ना मॅडम रोज सकाळी यायची. "हाड छान बसलं आहे, बाबा. वॉकर धरून दोन पावलं टाका."

"नाई जमत," झिंगू छताकडे बघत सांगायचा.

दुखतंय म्हणून नव्हे. पडता पडता त्याच्या मनात आलं होतं की पेनाने आपला हात सोडला. ज्याचा देवच गेला त्याचा पाय काय उभा राहणार? ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. बायको बुधरीने मात्र ती ओळखली होती. खाटेशी उभ्या वॉकरवर तिने आपलं ओलं लुगडं वाळत घातलं, तेवढाच त्याचा उपयोग.

समोरच्या खाटेवर गुणवंतराव होते. ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले, इथे मुलीकडे आले असताना हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. ऑपरेशन झालं आणि त्यांना उचकी लागली. ती थांबायचं नाव घेईना. प्रत्येक उचकीला टाके ओढले जायचे आणि गुणवंतराव पोट धरून वाकडे व्हायचे. गोळी झाली, इंजेक्शन झालं. त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, साखर चारली, श्वास कोंडायला लावला. कोण आठवण काढतंय ते कळावं म्हणून माहेरची, सासरची, झाडून सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन झाली. मेलेल्यांचीसुद्धा.

शेवटी बुधरीने रुखमाबाईंना सांगितलं, "आमचा बुडा हात ठेवते. पुजारी हाय तो."

"मंग ठेवत काऊन नाई?" रुखमाबाई लगेच उठल्या आणि झिंगूपाशी आल्या. "भाऊ, आमच्या यायले पाहा न जरा."

"मी असल्या गोष्टी," उचकी, "मानत नाई," पलीकडून गुणवंतराव म्हणाले.

"तुमाले कोनी विचारलं?" रुखमाबाई म्हणाल्या.

झिंगूने हात पांघरुणात ओढून घेतला. "माहा हात आता चालत नाई, बाई. झाडावरून पडलो मी."

"हात कुठी मोडला तुहा?" बुधरी म्हणाली. "टांग मोडली."

तिकडे गुणवंतरावांना आणखी एक उचकी आली आणि ते असे कळवळले, की झिंगूचा हात आपसूक पांघरुणाबाहेर आला. पण रोग्याला आपल्याकडे बोलवायचं नाही, आपण त्याच्या उशाशी जायचं, हा आज्याने घालून दिलेला नियम होता. आज्याचा नियम मोडणारा पुजारी कसला?

"लुगडं काढ," तो बुधरीला म्हणाला.

बुधरीने लुगडं काढून वॉकर पुढे केला. झिंगू उठून बसला, पाय खाली सोडले, दात आवळले आणि उभा राहिला. पाय टिकला. मधला रस्ता होता चार हातांचा, पण सगळा वॉर्ड श्वास रोखून बघत होता. गुणवंतराव तर डोळे फाडून बघत होते. आठवडाभर लाकडासारखा पडलेला म्हातारा एक एक पाऊल टाकत आपल्याचकडे येतोय, हे त्यांना खरं वाटेना.

झिंगू उशाशी स्टुलावर टेकला, तळवा कपाळावर ठेवला आणि डोळे मिटून हाक घातली. घालताना त्याला कळलं की हाक आतून येते आहे, नेहमीसारखीच. पेन कुठे गेला नव्हता. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की हात काढायचंच तो विसरला.

"बंद झाली," रुखमाबाई हळूच म्हणाल्या.

गुणवंतरावांनी वाट पाहिली. खरंच बंद झाली होती. "आपोआप झाली असन," ते म्हणाले. झिंगू हात उचलू लागला तसे म्हणाले, "पन हात राहू द्या अजून, भाऊ. बरं वाटून राह्यलं."

ज्योत्स्ना मॅडम दारातून हे सगळं बघत होती. ती हुशार बाई. दुसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली, "बाबा, त्या खिडकीजवळच्या पत्रूभाऊंना भूकच लागत नाही म्हणे." झिंगू खिडकीपर्यंत गेला. मग वऱ्हांड्यापलीकडल्या खोलीतला कुणीतरी इंजेक्शनला घाबरत होता. मग बाहेर बाकावर एकाची बायको बाळंत होत होती आणि चक्कर त्यालाच येत होती. रोगी रोज थोडा लांब लांब सापडत होता. बुधरी तोंडाला पदर लावून हसायची. झिंगूलाही डाव कळला होता, पण बोलावणं आल्यावर नाही कसं म्हणायचं? वॉर्डातले लोक त्याला 'छोटे डॉक्टर' म्हणू लागले. तोही हात ठेवून झाल्यावर बजावायचा, "गोळी घेतली का? पेनाचं काम पेन करन, गोळीचं गोळी."

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी ज्योत्स्ना मॅडम झिंगू आणि बुधरीला सोडायला फाटकापर्यंत आली.

"बाबा, खरं सांगा. हात ठेवल्याने बरं होतं?"

झिंगूने विचार केला. "मले नाई ठाव. कोनाले होते, कोनाले नाई होत. पन मी गेलोच नाई तर काईच होत नाई, येवढं ठाव हाय."

भामरागडची एसटी लागली होती. कंडक्टरने झिंगूच्या हातात वॉकरच्या जागी आलेली काठी पाहून पुढची राखीव सीट दाखवली. झिंगू नको म्हणून मान हलवून मागे गेला. मागच्या बाकावर गाल धरून बसलेला एक माणूस त्याने चढतानाच हेरला होता.

"दात?" त्याच्याजवळ बसत झिंगूने विचारलं.